पेटीतला आवाज

मोठ्या भावाने ते रिमोटवर उडणारं विमान बांधायला चार वर्षं घेतली आणि उडवायला त्याला जेमतेम दोन हिवाळे मिळाले. पंख नऊ फुटी, इंजिन पेट्रोलचं. कुणी खेळणं म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. युरोपातल्या स्पर्धेत आम्हा दोघांचं नाव लागलं आणि महिन्याभरात, कधी साधी गोळी न खाल्लेला हा माणूस झोपेतच गेला. विमान मी नेणार, असं मी तेराव्याला सगळ्यांसमोर बोलून बसलो.

पण पाठवायचं कसं, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. पॅकिंगला तो मलाही हात लावू देत नसे. परदेशी माल पाठवणाऱ्या अकोल्याच्या एजंटने फोनवर तीन-तीनदा बजावलं होतं की पेटीचं लाकूड कीड मारल्याच्या शिक्क्याचंच हवं, टाकीला पेट्रोलचा वास नको आणि आत एकही बॅटरी राहता कामा नये. एवढ्याशा बॅटरीने मालवाहू विमानात आग लागू शकते. मी टाकी धुऊन वाळवली आणि बॅटरी काढून घरच्या कपाटात ठेवली.

परतवाड्याच्या रस्त्यावर आमची संत्र्यांची शेड आहे. आमच्याकडे पेटी फुगल्याशिवाय ती भरली असं कुणी मानत नाही; आत फळ हललं की सडलं. म्हणून गच्च भरायचं, झाकणावर बसायचं आणि खिळे ठोकायचे. विमानही मी तसंच फोमने ठासून भरलं, झाकणावर बसलो आणि खिळे ठोकले. गाडी चारला येणार होती.

दुपारी वहिनी पेटीवर निरोपाचा हात ठेवायला आली. हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"भाऊजी, पेटीत कोणीतरी हाय."

उंदीर असेल म्हणून मी तिच्यावर खेकसलो. मग कान लावला. आत कुर्र झालं, थांबलं, पुन्हा कुर्र झालं. तो आवाज मी ओळखला. शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरचा तो आवाज होता. उडवण्याआधी भाऊ रोज ते डावीउजवीकडे वळवून बघायचा. बॅटरी घरी होती, रिमोट बंद होता.

"त्यायले जायचं नसन," वहिनी शांतपणे म्हणाली.

मला तिचा राग आला, कारण माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. शेडमधली माणसं काम टाकून उभी राहिली. कुणी म्हणालं, तशीच जाऊ द्या. मलाही तेच सोयीचं होतं. पेटी उघडताना शिक्क्याची फळी फुटली, तर गाडीही हुकणार आणि स्पर्धाही. पण तो आवाज तसाच आत ठेवून पाठवायची हिंमत झाली नाही. मी खिळे उपटले.

ठासलेल्या फोमने विमानाच्या अंगावरचं बटण दाबलं गेलं होतं. मूर्खपणा माझाच. बटण चालू झालं की रिमोटशिवायही ती मोटर अशी कुरकुरते. पण करंट कुठून आला? शेपटीचं झाकण काढलं, तर आत दुसरी, चपटी बॅटरी. तिच्याबद्दल भावाने मला कधीच सांगितलं नव्हतं. ती हाताला चटका बसेल इतकी तापली होती. तिच्यावर टेपखाली एक चिठ्ठी होती, पेन्सिलीने लिहिलेली. अक्षर त्याचं.

"लहान्या, पेटी भरायच्या आंधी हे काढजो."

घरात मला लहान्या म्हणणारा तो एकटाच. मी बॅटरी काढली. फळी शाबूत होती. झाकण हलक्या हाताने लावलं. गाडी उशिरा आली, पेटी गेली. इतका वेळ चिठ्ठी माझ्या मुठीतच होती. ती मी वहिनीला दिली. तिने दोनदा वाचली.

"पेटी तर तेच भरत होते," ती म्हणाली. "मंग हे तुमाले कावून लिहिलं?"

मला रडू आवरेना.