बंद खिडकीमागच्या ग्रिपा

अन्याय झाला तो आमच्या दुकानासाठी टेनिसच्या ग्रिपा करणाऱ्या मावशींवर. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. वेळ पक्की आहे, कारण दुकानातल्या घड्याळाखाली उभं राहून मीच त्यांच्या बारा ग्रिपांचा गठ्ठा परत पाठवला. त्या घटकेला मावशींना काहीही झालेलं नव्हतं. हात चालत होते, पाय चालत होते. पुढं जे झालं ते तिथून सुरू झालं, आणि सुरू मी केलं.

कोल्हापुरात खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मी रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, भरते. उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. एसटीच्या पाससाठी, वसतिगृहाच्या पाण्यासाठी, बंद पडलेल्या शाळेसाठी. मालक मला पुढारीणबाई म्हणतात. शाळेपासून टेनिस खेळत असल्यामुळं हातात रॅकेट घेतली की मुठीचं काय बिघडलंय ते मला कळतं, म्हणून ग्रिपांची निवड त्यांनी माझ्यावर टाकली होती.

ग्रिप म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी. हल्ली बहुतेक रबरी, फोमच्या येतात. मऊ असतात, पण त्यांच्याखाली मुठीच्या आठ कडा बुजून जातात आणि रॅकेट हातात किती वळलीय ते बोटांना समजत नाही. कातडी ग्रिपेत त्या आठही कडा मोजून घ्याव्यात इतक्या लागतात. जुने खेळाडू तीच मागतात. बाहेरून येणारी महाग पडते. चपलांच्या गावात कातड्याची पट्टी बाहेरून कशाला आणायची, असं मालकांच्या डोक्यात आलं आणि ते मला मावशींकडं घेऊन गेले.

मावशी चपला करणाऱ्या घरातल्या. साठीला दोनतीन वर्षं कमी असतील. घरापुढच्या कट्ट्यावर पोतं टाकून बसलेल्या, पुढ्यात पाट, हातात कातडं कापायची रापी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कातडं निवडायला शिकवलं.

"ह्ये बकऱ्याचं. मऊ हाय, पण ताणतं. चार दिसांत सैल पडंल. ह्ये म्हशीचं. जाड हाय, तासून देतो तुला. पण पाठीकडचंच घ्यायचं, पोटाकडचं न्हाय."

"का?"

"म्हशीचं पोट दिवसातनं दहादा फुगतंय. पाठ फुगती व्हय?"

मी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. मला काही फरक कळला नाही. मावशींनी डोळे मिटले आणि पट्टी अंगठा आणि दोन बोटांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत नेली. मध्येच थांबल्या. "हितं पातळ हाय." रापीनं कापून बघितलं तर खरंच पातळ. केसाएवढा फरक. त्यांची सगळी मजुरी त्या तीन बोटांत होती.

आता मुख्य निवड. ग्रिप दोन तऱ्हेची करता येते. एक कोरी: नुसतं कातडं. ती बसवताना दुकानदारानं मुठीला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, मग पट्टी गुंडाळायची, खाली बारीक खिळा ठोकायचा. दुसरी मागून चिकट: पट्टीच्या पाठीला आधीच सोल्यूशन लावलेलं, वर कागद. कागद ओढला की काम झालं. मालकांनी विचारलं, कुठली करूया? मी चिकट म्हणाले. एका रॅकेटमागं माझी दहा मिनिटं वाचत होती. दुसरं काहीही कारण नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं कुणी असं वाटून घेऊ नये की तिथं काही मोठा प्रश्न होता.

सोल्यूशनचा डबा मालकांनी पाठवला. डब्यावर लेबल नव्हतं. आत काय आहे ते मी विचारलं नाही. पाण्याच्या टाकीत काय आहे हे विचारण्यासाठी मी पालिकेच्या दारात उपोषणाला बसलेली मुलगी.

दिवाळीनंतर आमच्याकडं उसाचा हंगाम चढतो. फडात पाचट पेटतं, साखर कारखान्यांची धुराडी सुरू होतात आणि हवेतून काळी काजळी उतरते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, दुधाच्या पातेल्यावर, सगळीकडं. मावशी कट्ट्यावर सोल्यूशन लावून पट्ट्या ओळीनं मांडायच्या आणि त्या ओल्या पाठीवर काजळीचे ठिपके बसायचे. जयसिंगपूरच्या एका प्रशिक्षकांनी बारा ग्रिपा मागवल्या होत्या. त्या आल्या तेव्हा मी एकेक उलटी करून बघितली. ठिपके. मागच्या बाजूला, जिथं कुणाचं लक्षही जात नाही तिथं. मी चिठ्ठी लिहिली, "अस्वच्छ माल चालणार नाही. आत बसून काम करावं," आणि गठ्ठा परत दिला.

मावशी आत बसल्या.

आतली खोली म्हणजे एक खिडकी आणि एक पंखा. खिडकी उघडली की काजळी येते, म्हणून खिडकी बंद. पंखा लावला की सोल्यूशनवर साय धरते आणि कागद नीट बसत नाही, म्हणून पंखाही बंद. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा दारातच वास लागला. पंक्चरवाल्याकडं येतो तसा, पण गोडसर. मी आत बसले. पाचेक मिनिटांत कपाळ जड झालं. दहाव्या मिनिटाला भिंत जराशी हलल्यासारखी वाटली आणि मी बाहेर येऊन उभी राहिले.

"मावशी, खिडकी उघडा की ओ."

"उघडतो की. मग तुझ्या ग्रिपंला काळं लागंल, आन् तू चिठ्ठी धाडशील. लई अक्षर चांगलं हाय बाई तुझं."

त्या हसल्या. मीही हसले आणि सायकलवर टांग टाकून निघून आले.

ग्रिपा आता आरशासारख्या येऊ लागल्या. प्रशिक्षक खूश. मालकांनी आणखी दोन गावांची मागणी धरली. प्रत्येक गठ्ठा मी तपासायची आणि कागदावर सही करायची. "पास." खाली माझं नाव.

शिमग्याच्या आसपास पहिली ग्रिप सैल पडून परत आली. मग दोन. मी उलगडून बघितल्या तर पट्ट्या ताणून लांबलेल्या, म्हणजे पोटाकडच्या. मला आधी राग आला. म्हटलं, मागणी वाढली तसं मावशींनी मिळेल ते कातडं कापायला सुरुवात केलेली दिसते. तावातावानं त्यांच्याकडं गेले.

"मावशी, ही पाठ आहे की पोट?"

त्यांनी पट्टी घेतली, डोळे मिटले, बोटांमधून ओढली. पुन्हा ओढली. मग डोळे उघडून पट्टी उजेडाला धरली. याआधी त्यांना कधी उजेड लागला नव्हता.

"कळंना झालंय गं," त्या म्हणाल्या. "बोटाला फडकं गुंडाळल्यागत वाटतंय. बसून बसून मुंग्या येत्यात. वय झालं, दुसरं काय."

वय झालं, हे मी मान्य केलं. किती सोयीचं होतं ते! गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांना ताकदीची इंजेक्शनं दिली. साखर तपासली, ती बरी निघाली. मावशी परत खोलीत बसल्या, आणि पोटाकडच्या पट्ट्या परत पाठवायचं काम मी चालू ठेवलं.

चैत्रात एका दुपारी त्यांच्याबरोबर रिक्षा थांब्यापर्यंत चालत निघाले होते. रस्ता तव्यासारखा तापलेला. मावशी सुनेबद्दल काहीतरी मजेशीर सांगत होत्या. मागून पानपट्टीवाल्यानं हाक मारली.

"ओ मावशी! चप्पल हितंच ऱ्हायली की! चपला करतीस आन् फिरतीस अनवाणी व्हय?"

मी मागं बघितलं. वीसेक पावलांवर त्यांची डाव्या पायातली चप्पल पडली होती. मग मी त्यांच्या पायाकडं बघितलं. डावा पाय डांबरावर होता आणि मावशी अजून सुनेचंच सांगत होत्या. त्यांना चप्पल गेल्याचं कळलं नव्हतं. चटकाही कळला नव्हता. पानपट्टीवर सगळे हसले. मावशी खाली बघून हसायला लागल्या आणि हसता हसता तळपाय वर करून बघू लागल्या. चप्पल मी आणून दिली. ती घालताना त्यांना पाय आत गेला की नाही ते वाकून बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या. कापसाचा बोळा तळपायावरून फिरवून विचारत होत्या, कळतंय का. मावशी विचार करून "व्हय" म्हणायच्या, तेव्हा बोळा पायाला लागलेलाच नसायचा.

"काम काय करता?"

"काय न्हाय. घरीच असतो की."

डॉक्टरांनी "घरकाम" लिहिलं. गल्लीतल्या डॉक्टरांनाही मावशींनी हेच सांगितलेलं असणार. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत बंद खोलीत बसणारी बाई, आणि काम काय तर घरीच असतो. तिच्या हिशोबी काम म्हणजे चपला. पट्ट्या चिकटवणं हे घरच्या घरी, बसल्या बसल्या.

"त्या ग्रिपा करतात," मी म्हणाले. "सोल्यूशन लावतात. खिडकी बंद करून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मावशींचा हात उचलून नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं.

"खिडकी बंद का?"

मी मावशींकडं बघितलं. उत्तर मावशींनी दिलं. "काजळी लागती न्हवं का."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. असल्या काही सोल्यूशनांत हेक्सेन नावाचा पातळ द्रव असतो. सोल्यूशन वाळतं म्हणजे तो उडतो, आणि बंद खोलीत उडून जाणार कुठं? श्वासात. तो नसा खातो, लांबच्या टोकापासून. आधी पायाची बोटं, हाताची बोटं, मग वर सरकत येतो. डबा तपासायला हवा, पण काम आजपासून बंद करा. आणि एक सांगून ठेवते, काम बंद केलं तरी पुढचे काही आठवडे हे वाढतच जाईल. घाबरून जाऊ नका. मग हळूहळू उतरेल. किती उतरेल ते आज सांगता येणार नाही.

वाढतच जाईल, हे मी तेव्हापासून रोज बघते. मावशींना आता झाकणाचा आटा फिरवता येत नाही. जिना उतरताना भिंत धरतात. रापी त्यांच्या हातात कुणी देत नाही.

मी तडक दुकानात गेले आणि मालकांसमोर उभी राहून ओरडले. गिऱ्हाईक होतं, तरी ओरडले.

"झालं? आता माझ्याच दारात घोषणा व्हय, पुढारीणबाई?" त्यांनी ड्रॉवर उघडून कागदांचा गठ्ठा काढला. "ह्यो माल पास कुणी केला? सही कुणाची हाय? आन् आत बसा म्हणून चिठ्ठी कुणी लिवली? मी लिवली?"

पुढच्या मालाबरोबर परत आलेली ती चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. माझंच अक्षर. लई चांगलं.

"डबा तुम्ही पाठवला," मी म्हणाले. "डबा बदला. खोलीत हवा खेळेल अशी सोय करा. नाहीतर कोऱ्या ग्रिपा विका."

"इकतो की. मागू दे गिऱ्हाईकानं. एक तरी आलाय का कोरी मागायला? चिकट हाय का म्हणून इच्यारत्यात. तूच सांग."

एकही आला नव्हता.

डब्यातलं थोडं सोल्यूशन बाटलीत घेऊन मी कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज घातलाय. साहेबांनी विचारलं, कारखाना कुठाय? म्हटलं, कारखाना नाही, घर आहे. म्हणाले, मग आमच्याकडं कसं येईल ते बघावं लागेल. बघताहेत. पत्रकही काढलं, गल्लीत वाटलं. मावशींनी ते घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"नगं वाटूस. काम जाईल."

"तुमचं काम गेलंच आहे, मावशी."

"माझं न्हाय. जाऊबाईला बसवलीया माझ्या जागी."

मी आत डोकावले. खिडकी बंद. पंखा बंद. त्यांची धाकटी जाऊ पाटापुढं बसून पट्ट्यांना सोल्यूशन लावत होती. चाळिशीची बाई, हात झपझप चालत होते. मी खिडकीची कडी काढली. तिनं उठून परत लावली.

"माल परत आला तर तू भरून देणार हाईस?" ती म्हणाली आणि खाली बसली. बसताना तिनं दोन्ही हात झटकले, मुंग्या आल्यावर झटकतात तसे. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "ह्या आठवड्यापासनं. बसून बसून व्हतंय."

मावशी शेजारीच भिंतीला टेकल्या होत्या. त्यांनी जावेच्या हातांकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. मालक गिऱ्हाईकाकडं बोट दाखवतात. गिऱ्हाईक तुम्ही आहात. उद्या दुकानात जा. कातडी ग्रिप हातात घ्या आणि उलटी करा. मागून चिकट असेल, तर ती कुणी चिकटवली, कुठल्या खोलीत, डब्यात काय होतं, हे दुकानदाराला तोंडावर विचारा. त्याला सांगता आलं नाही तर ती तिथंच ठेवा आणि कोरी मागा. टेपला दहा मिनिटं जास्त लागतील. ती द्या.