आमेनच्या आधी

वसंतकाकांनी मला फसवलं. आपली मुलगी हेमा जिंकावी म्हणून, भर मैदानात, प्रार्थना चालू असताना फसवलं, आणि आजवर ते कबूल केलेलं नाही. नगरच्या मंडळींनो आणि इथल्या मुलांनो, हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

मी दिल्लीला निघाले तेव्हा नगरच्या स्टेशनवर निरोप द्यायलाही तेच आले होते. चर्चच्या मंडळीतलं कुणी परगावी निघालं की मंडळीच्या पंचांपैकी एकाने प्रार्थना करायची, ही आपली रीत, आणि काका पंच होते. पप्पांनी माझी ट्रंक धरली होती, आई पदराने डोळे पुसत होती, आणि काका हात वर करून माझ्यासाठी सुखरूप प्रवास मागत होते. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. आईने कोपर मारलं. "रूथ, निदान आज तरी!" आज तर नाहीच, असं मनात म्हणून मी गाडीत चढले.

जी मुलं इकडे दिल्लीत जन्मली त्यांना हे सांगायला हवं. नगरला आपल्या चर्चच्या सुगीच्या सणाला शर्यती होत. शिट्टी नसे. आम्ही मुली रेघेवर डोळे मिटून उभ्या राहायचो, काका प्रार्थना करायचे, आणि 'आमेन' ऐकू आलं की धावायचं. त्या वर्षी पहिली येणाऱ्या मुलीला पुण्याच्या बोर्डिंगमध्ये जागा मिळणार होती. तिथे खेळ शिकवणारे शिक्षक होते. माझ्याइतकं जोरात कुणी धावत नव्हतं, हे हेमाही मान्य करायची. पण आमेनच्या आधीच मला पावलं ऐकू आली. डोळे उघडले तर हेमा पुढे पोचलेली, आणि काका टक्क उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत प्रार्थनेचे शेवटचे शब्द म्हणत होते. मी तिथेच तक्रार केली. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणजे तू प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले होतेस?" लोक हसले. हेमा पुण्याला गेली. मी प्रार्थनेत डोळे उघडणारी मुलगी म्हणून मागे राहिले.

दिल्लीत मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये, गॅलरीत माझी गादी होती. मानेसरला कारखान्यांसाठी हातमोजे शिवायला लागले, पुढे दुसऱ्यांकडून शिवून घ्यायला लागले. कंपनीचा खरेदी बघणारा परचेसवाला "मॅडम, थोडा अ‍ॅडजस्ट करो" म्हणाला की मी माल उचलून दाराकडे निघते. दार यायच्या आत मागून हाक येतेच. आज तिथल्या कंपनीच्या बसमधून उतरणारे कितीतरी कामगार माझेच हातमोजे घालतात. पप्पा फोनवर म्हणायचे, "भांडून मिळवलंस, आता जरा सुखाने खा." पण माझा राग काही उतरत नव्हता.

तो माझ्या खांद्यांत बसला आहे, हे मला थॉमस सरांनी दाखवलं. सर मूळचे केरळचे, रिटायर्ड पीटी टीचर. आमच्या मराठी मंडळीतले काहीजण शनिवारी सकाळी हिंदूराव हॉस्पिटलजवळ रिजवर, म्हणजे तिथल्या जंगलाच्या टेकडीवर, धावायला जमतात, त्यांना ते शिकवतात. डॉक्टरने मला चालायला सांगितलं होतं, मी धावायला गेले. दहा पावलं बघून सर म्हणाले, "सिस्टर, आप पैर से नहीं, गुस्से से भागती हैं." खरंच, खांदे कानापर्यंत चढलेले, मुठी आवळलेल्या. मग त्यांनी मला पहिलीतल्या पोरीसारखं मुळापासून शिकवलं. मूठ आत अंडं धरल्यासारखी सैल. कोपर मागे न्यायचं. पाऊल लांब फेकायचं नाही, अंगाखाली पडू द्यायचं. शेजारी कोण आलं ते बघायचं नाही. वॉर्म-अप न करता कुणी धावलं की ते खरंच चिडत. शरीर देवाने दिलेलं आहे, ते असं आपटायला नाही, म्हणत. बायबलातल्या पत्रांत पौलाने मंडळ्यांना धावपटूंचं उदाहरण दिलं, तर त्याने नक्की मैदानावर उभं राहून शर्यती पाहिल्या असणार, अशी त्यांची खात्री होती.

एकदा मी रेघेवर सवयीने डोळे मिटले. सर ओरडले, "प्रेयर घर से करके आओ! लाइन पर आँख खुली, कान खुले!" मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, येशूने शिष्यांना नुसती प्रार्थना करायला नव्हतं सांगितलं, जागं राहायलाही सांगितलं होतं. मी तिथेच खाली बसले. डोळे उघडे असणं हा गुन्हा नव्हता, हे मला इतक्या वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

यंदा इथल्या मंडळीच्या स्पोर्ट्स डेला, रिजवरच्याच मैदानात, काका आले. हेमा आता गुरुग्रामला टॉवरमध्ये राहते, काका तिच्याकडे असतात. चाळिशीपुढच्या बायकांच्या शर्यतीत हेमाचं नाव होतं, माझंही. इथल्या मंडळीचे पंच कौतुकाने म्हणाले, "नगरची जुनी रीत करू या. काकांची प्रार्थना, आमेनला स्टार्ट!"

"प्रार्थना काकांची, शिट्टी थॉमस सरांची," मी म्हटलं.

"अहो रूथताई, वडीलधाऱ्यांचा मान असतो."

"मान प्रार्थनेचा ना? तो पुरेपूर द्या. शिट्टी सरांचीच."

"ताई, एवढ्याशा गोष्टीवरून..."

मी पिशवी उचलली आणि गेटकडे चालू लागले. गेट यायच्या आत हाक आली.

काकांनी लांबलचक प्रार्थना केली. मी मनापासून आमेन म्हटलं. सगळ्यांनी डोळे उघडले, मग शिट्टी वाजली. खांदे खाली, मूठ सैल. हेमा शेजारी होती की मागे, मी बघितलंच नाही. फीत माझ्या छातीला लागली तेव्हा मी एवढ्या मोठ्याने "हालेलुया" ओरडले की रिजवरची माकडं पळाली.

हेमा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत हसली. "मान गए यार. आज बिल्कुल क्लीन जिंकलीस. तेव्हा नगरला माझ्या पप्पांनी मला सांगूनच ठेवलं होतं ना, 'येशूच्या नावात मागतो' ऐकलंस की पळ, आमेनसाठी थांबू नकोस. मला वाटायचं, तुला कळलं असेल."

काका खुर्चीत बसून चहा पीत होते.

नगरच्या मंडळींनो, तुम्ही विचारता, घरी कधी येतेस. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथे मी हरले ते मैदान. आता घर इथे रिजवरही आहे, जिथे डोळे उघडे ठेवून देवासमोर उभं राहता येतं. पण तिकडचंही मी सोडलेलं नाही. यंदा सुगीच्या सणाला मी येते आहे, हेमा काकांना घेऊन येणार आहे. बक्षीस नको, ते मी धावून घेतलं. काकांनी फक्त त्या रेघेवर उभं राहावं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत बघून एवढंच सांगावं: काका, त्या दिवशी येशूच्या नावात तुम्ही नक्की काय मागत होतात?