खाऱ्या शेताचे पाटील

माती जिभेवर ठेवून तिच्यातलं मीठ सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जपानातल्या भूकंप आणि त्सुनामीला वर्ष उलटून गेलं होतं. मी आणि माझ्या लॅबमधली थायलंडची मैत्रीण नोक, आम्ही दोघी क्योतोहून मियागीच्या किनाऱ्यावर मातीचे नमुने गोळा करायला आलो होतो. समुद्र येऊन गेलेल्या एका भातखाचरात क्षार मोजायचं यंत्र मांडून बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून रबरी बूट घातलेले एक आजोबा खाली उतरले. आमच्या पिशवीतली चिमूटभर माती त्यांनी तोंडात टाकली, जरा वेळ जीभ फिरवली, बाजूला थुंकले आणि म्हणाले, "बर्फ पडायच्या आधीपेक्षा कमी. पण भाताला अजून जास्तच." मिनिटभराने यंत्राने आकडा दाखवला. तोही तेच सांगत होता. मी नोकला मराठीतला एकच शब्द शिकवला होता, तो तिने तिथे वापरला. "बापरे!"

ते त्या वस्तीचे कुचो, म्हणजे प्रमुख. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे कुचो-सान म्हणत. मी मनातल्या मनात त्यांना पाटील म्हणायला लागले आणि एकदा ते चुकून तोंडातून निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "आमच्याकडे गावाची काळजी वाहणाऱ्याला म्हणतात." त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला, "पातिरु, पातिरु," आणि तो त्यांना इतका आवडला की पुढे फोन केला तरी "पातिरु बोलतोय" असंच म्हणायचे. मी मात्र त्यांच्यासाठी कायम इंदो-सान, म्हणजे भारतवाल्या बाई, राहिले. वैजयंती हे नाव त्यांच्या जिभेला पेलवणारं नव्हतं, आणि खोटा प्रयत्न करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पाटलांच्या वस्तीत अठरा घरं होती. लाटेनंतर टेकडीच्या बाजूची तीन उरली, त्यातलं एक त्यांचं. बाकीची कुटुंबं स्टेशनजवळच्या तात्पुरत्या घरांमध्ये राहत होती. शेतातला गाळ सरकारने काढून दिला होता, पण पाणी उपसणारं पंपघर मोडून पडलेलं, त्यामुळे मीठ पुरतं धुऊन निघत नव्हतं. अशात एका कंपनीचा माणूस येऊन गेला. सगळी जमीन एकत्र द्या, आम्ही सौरऊर्जेची पॅनेल्स बसवू, दरवर्षी भाडं देऊ, असं तो म्हणाला. बहुतेक जण तयार होते. दमलेल्या माणसांना कोणीतरी खुर्ची पुढे केली तर ती बसणारच. पाटलांनी बैठकीत एवढंच म्हटलं, "मला एक पीक घेऊ द्या. नाही आलं तर पहिली सही माझी."

हे सगळं त्यांनी आम्हाला तक्रार म्हणून सांगितलं नाही. तक्रार त्यांना येतच नसे, आणि मदत मागणं तर त्याहून नाही. त्यांची बायको, जिला आम्ही ओबाचान म्हणजे आजी म्हणायचो, ती एकदा म्हणाली, "सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. पाठीला मलम लावून दे, असंसुद्धा या माणसाने मला कधी सांगितलं नाही. भिंतीला पाठ घासून लावतो."

त्याच ओबाचानच्या स्वयंपाकघरात एका दुपारी आम्ही जेवत होतो. मी आमच्या शिरोळकडच्या चोपण जमिनींबद्दल सांगत होते, उसाला पाणी देऊन देऊन आम्ही आपल्याच हाताने मीठ कसं वर आणलं ते. पाटील ऐकत होते. मग नोक सहज म्हणाली, "आमच्या गावापासून समुद्र दिवसभराच्या वाटेवर आहे, तरी उन्हाळ्यात शेतं पांढरी होतात. मीठ जमिनीतूनच वर येतं. माझे वडील त्यातच भात लावतात."

पाटलांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "येतो भात?"

"येतो. मी तोच खाऊन मोठी झाले."

"कधी जायचं?"

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. या माणसाकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. पण आमचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, दर पावसाळ्यात नोकच्या भागात नमुने घ्यायला जात आणि आम्हाला नेत. त्या जुलैत बँकॉकच्या विमानात माझ्या शेजारी पाटील बसले होते, लग्नाकार्याला घालायचा काळा कोट घालून, मांडीवर ओबाचानने बांधून दिलेल्या लोणच्याची पुडी घट्ट धरून.

नोकचं गाव थायलंडच्या ईशान्येला, इसानच्या पठारावर आहे. रात्रभर बसने प्रवास करून, पुढे एका उघड्या टेम्पोच्या हौद्यात बसून आम्ही पोचलो. टेम्पोचं इंजिन बंद झालं आणि एकदम इतकी शांतता पसरली की आम्ही सगळेच नकळत हळू आवाजात बोलायला लागलो. खांबांवर उभी लाकडी घरं, घराखाली बांधलेली म्हैस, शेतांच्या मधोमध एकेकटी उभी ताडाची झाडं. वाटेत भेटली ती माणसं एकतर साठीच्या पुढची, नाहीतर आजीच्या कडेवरची. मधली सगळी बँकॉकला. पाटील हात मागे बांधून गावातून फिरून आले आणि म्हणाले, "आमच्यासारखंच आहे. फक्त इथे त्सुनामी आली नव्हती."

नोकच्या वडिलांना सगळे पॉ म्हणत, पॉ म्हणजे बाबा. बारीक, काळेसावळे, कमरेला चौकड्याचं फडकं. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांची भाषा शून्य येत होती. पहिल्या संध्याकाळी पॉने बांबूच्या डब्यातला चिकट भात हाताने तोडून, गोळा करून कसा खायचा ते दाखवलं. पाटलांनी त्याबरोबर आंबवलेल्या मासळीची चटणी खाल्ली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. त्यांचे डोळे पाणावले, नाक लाल झालं आणि ते म्हणाले, "ओबाचान करते त्यापेक्षा चांगली आहे. तिला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी लावणी होती. पॉने रोपवाटिकेतली रोपं उपटून जुड्या बांधल्या होत्या. पाटलांनी एक जुडी उचलली आणि त्यांचा चेहरा पडला. रोपं गुडघ्याच्या वर पोचलेली. जपानात लावणीच्या यंत्रासाठी वीतभर रोपं लागतात, त्याहून वाढली की ती गेली. ते हळूच नोकला म्हणाले, "यांना सांग, उशीर झालाय. ही रोपं म्हातारी झालीयत."

नोकने सांगितलं. पॉ इतके हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. मग पाटलांना हाताला धरून खाचरात नेलं, चिखलातल्या एका पांढुरक्या चट्ट्याकडे बोट दाखवलं आणि सावकाश बोलले. नोक एकेक वाक्य जपानीत करत गेली. "कोवळ्या रोपाला मीठ सोसत नाही. म्हाताऱ्याला सोसतं. म्हणून आम्ही मुद्दाम थांबतो. आणि एकेकटं लावायचं नाही. सहा-सात रोपं एका ठिकाणी, घोळका करून. त्यातली दोन-तीन मरतील, बाकीची तग धरतील."

पाटलांचा काळा कोट केव्हाच निघाला होता. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरले आणि सूर्य मावळेपर्यंत पॉच्या शेजारी वाकून रोपं लावत राहिले. आम्ही दोघी दुपारीच थकून झाडाखाली येऊन पडलो होतो. रात्री मच्छरदाणीतून त्यांचा आवाज आला, "इंदो-सान, झोपलीस का?"

"नाही, बोला ना."

"लावणीच्या यंत्रात म्हातारी रोपं बसत नाहीत. हाताने लावावं लागेल. माझ्या शेताला वीस तरी माणसं लागतील."

"मग?"

"मग मागावी लागतील." हे वाक्य उच्चारायला त्यांना दिवसभराच्या चिखलापेक्षा जास्त कष्ट पडले असावेत.

आणि त्यांनी मागितली. पुढच्या वसंतात त्यांनी तीस गुंठ्यांपुरती रोपं मुद्दाम वाढवली आणि तात्पुरत्या घरांच्या रांगेत प्रत्येक दारासमोर जाऊन, कमरेत वाकून म्हटलं, "लावणीला हात कमी पडतायत. याल का?" काहींनी बघू म्हटलं. एकजण तोंडावर म्हणाला, "कुचो-सान, या वयात परदेशी जाऊन हेच शिकून आलात? रोपं शिळी करायला?" पाटलांनी त्यालाही वाकून नमस्कार केला आणि पुढच्या दारी गेले.

लावणीच्या आदल्या दिवशी आम्ही क्योतोहून पोचलो. "सहा येतील," ते म्हणाले. "तुम्ही दोघी धरून."

सकाळी सातला धुकं होतं. आधी दोन गाड्या आल्या. मग चार. मग स्टेशनकडच्या रस्त्याने पायी येणारी माणसं दिसायला लागली. ऐंशीच्या घरातल्या बायका जुन्या कापडी विजारी आणि गवती टोप्या घालून आल्या होत्या. यंत्रं यायच्या आधी, नव्या नवऱ्या असताना त्यांनी हाताने लावण्या केल्या होत्या. सरळ चिखलात उतरून त्या आपल्या नातवंडांवर ओरडायला लागल्या, "बोटांनी धर, मुठीने नको! मागं पाय टाक, मागं!" शिळ्या रोपांवरून टोमणा मारणारा गृहस्थ आपल्या मुलाला आणि सुनेला घेऊन आला. कोणीतरी लावणीचं जुनं गाणं सुरू केलं, अर्ध्यात विसरलं, आणि पलीकडच्या बांधावरून दुसरीने ते उचललं. पाटील बांधावर उभं राहून माणसं मोजत होते. तेहेतीसपर्यंत त्यांचे ओठ हललेले मला दिसले, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. जेवणाच्या सुट्टीत ओबाचान माझ्या कानात पुटपुटली, "काल यांनी मला मलम लावायला सांगितलं."

जूनमध्ये पानांची टोकं पिवळी पडली. समुद्राकडचा एक कोपरा पूर्ण जळला. पाटील रोज पहाटे टेकडीवरच्या तळ्याचं पाणी सोडत आणि संध्याकाळी काढून टाकत. आता मात्र ते एकटे नव्हते. ज्यांनी रोपं लावली होती ती माणसं आपापला भाग बघायला यायची, "माझं कसं आहे?" विचारायची. ऑगस्टमध्ये त्या पिवळ्या घोळक्यांतून कणसं डोकावली.

कापणीला नोकने पॉला बोलावून घेतलं. ऑक्टोबरच्या थंडीत ते पाटलांचं जाड जाकीट घालून शेतात उभे होते, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. पाटलांनी विळा त्यांच्या हातात दिला आणि पहिली पेंढी त्यांनाच कापायला लावली. पॉने कापली, कणसं तळहातावर घासून तुसं फुंकली, दाणे पाटलांपुढे धरले आणि त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. जपानात कुचोच्या पाठीत कोणी धपाटा घालत नाही. अख्खं शेत हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने पाटील.

पीक पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास आलं. पण ते आलं होतं. आठवड्याने सभागृहात बैठक झाली. कंपनीचा माणूस माहितीपत्रकं वाटत होता, आणि ओबाचान त्याच्या मागून ताट घेऊन नव्या भाताचे गोळे वाटत होती. पाटलांनी कित्येक दिवस खपून भाषण लिहिलं होतं. ते उठणार तोच गवती टोपीवाल्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई हातातला गोळा न ठेवताच उभी राहिली. "यातला भात मी लावलाय," ती म्हणाली. "माझ्या भातावर काचा अंथरायच्या नाहीत." तिच्यामागून तो टोमणेवाला उठला, मग त्याची सून, मग एकेक करत भिंतीला टेकून बसलेले सगळे. कंपनीच्या माणसाने शहाणपणाने दोन गोळे खाल्ले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि पत्रकं गोळा केली. पाटलांना बोलायची वेळच आली नाही. घडी घातलेलं ते भाषण खिशात तसंच राहिलं. घरी जाताना मी विचारलं, "वाईट वाटलं का, बोलायला मिळालं नाही म्हणून?" ते म्हणाले, "इंदो-सान, माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं भाषण झालं ते."

पुढची पाचही वर्षं मी लावणीला गेले. अठरांपैकी अकरा घरं टेकडीवर पुन्हा उभी राहिली. मग माझं शिक्षण संपलं आणि मी परत आले. आता मी आमच्याच भागातल्या चोपण जमिनींवर काम करते. माणसं विचारतात, "मॅडम, ही जमीन सुधारेल का?" मी आकडे सांगते, चर काढायला सांगते, आणि मग शेजारच्या बांधावर कोण आहे ते विचारते. एकट्याच्या जमिनीतलं मीठ एकट्याने जात नाही, हे मला कोणत्याही पुस्तकाने इतक्या नीट शिकवलं नव्हतं.

पाटील गेले ते एका फेब्रुवारीत, झोपेत. ओबाचानने फोनवर रडत सांगितलं नाही. म्हणाली, "मीठ तर कधीच गेलंय. बाकी शेतांवर यंत्रच चालतं. पण पहिलं शेत लोक अजून हातानेच लावतात, ऐकत नाहीत. यंदा एक माणूस कमी पडतंय. येशील का?"

मी गेले. बँकॉकहून नोक आली, पॉला घेऊन. धुक्यातून माणसं येतच होती, आणि आता त्यांच्यात लहान मुलं इतकी होती की बायकांना ओरडायला दम पुरेना. समुद्राकडच्या बाजूची, पाटील लावायचे ती ओळ ओबाचानने मला दिली. माझी ओळ मध्येच वाकडी गेली. शेजारच्या ओळीतून पॉने बघितलं, थायमध्ये काहीतरी बोलले आणि कोणी भाषांतर न करताच सगळे हसले. मी पाय मागे टाकला, सहा रोपं वेगळी केली आणि चिखलात खोचली.