खात्रीकाकांचा आतला लॅपटॉप

फरीदाबादला मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्या मेश्रामकाकांना गल्लीतली मराठी मंडळी खात्रीकाका म्हणत. कुरियर आलं की ते पाकीट आधी उजेडात धरून बघत, मग कानाशी नेऊन हलवत, आणि सही त्यानंतर. मूळचे भंडाऱ्याचे, दिल्लीत सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. मी नांदेडची आहे म्हटल्यावर त्यांनी आनंदाने 'जय भीम' केला आणि त्याच दमात विचारलं, "आधार कार्ड ओरिजिनल आहे ना?"

इंटरनेटवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण मेल उघडल्याशिवाय पेन्शनची कामं होत नसत. लॅपटॉपच्या आत दुसरा, वेगळा लॅपटॉप बसवता येतो, संशयास्पद फाईल तिथे उघडली तर बाहेरच्याला धक्का लागत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. मी आयटीतली, म्हणून काम माझ्याकडे आलं. एका रविवारी मी त्यांना व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तोच आतला लॅपटॉप, बसवून दिलं. आत इंटरनेटही लगेच सुरू झालं. काकांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"घरात वायफाय आहे. मग इथे वायरचं चिन्ह काहून?"

"बाहेरचा लॅपटॉप वायफाय घेतो, काका, आणि आतल्याला वायरीतून आल्यासारखं देतो."

"म्हणजे मधे कोणीतरी आहे."

"मधे तुमचाच लॅपटॉप आहे!"

"मधल्यालाच तर बघावं लागतं, बेटा." मग त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. त्यांच्या बढतीची फाईल मधल्याच एका टेबलावर अडवून ठेवली होती. वरचे म्हणत आली नाही, खालचे म्हणत कधीच गेली. सापडली तेव्हा बढतीच्या खुर्चीत दुसराच माणूस बसला होता. काकूंनी आतून आवाज दिला, "पुरे आता ते."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन पेनड्राइव्हएवढं वायफायचं यंत्र घेऊन आले. ते लावलं, तर बाहेरच्या लॅपटॉपनेच त्याचा ताबा घेतला. काकांनी माझ्याकडे 'बघ, म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने पाहिलं. मी सेटिंगमध्ये जाऊन ते यंत्र आतल्या मशीनला जोडून दिलं. तेव्हा कुठे आत वायफायची यादी उमटली. आता मधे कोणी नव्हतं. तरीही शेजाऱ्यांच्या वायफायची नावं त्यांनी वहीत उतरवून घेतली.

त्याच महिन्यात मला नोएडाच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. पगार चांगला होता, अट एकच: त्यांनी पाठवलेल्या फाईलमध्ये माहिती भरायची. राजीनामा मी लिहूनच ठेवला होता. काका म्हणाले, "फाईल माझ्या आतल्यात उघड."

"काका, यार, प्रत्येक गोष्टीत काय संशय!"

"माझ्या समाधानासाठी."

मी चिडूनच उघडली. दोन मिनिटांत आतल्या मशीनमधल्या सगळ्या फाईलींची नावं बदलली आणि लाल पडद्यावर पैसे मागणारी धमकी आली. काकांनी झटकन ते वायफायचं यंत्र उपटलं. बाहेरचा लॅपटॉप शाबूत होता. कंपनीचा पत्ता शोधला, तर तिथे लग्नाचा हॉल निघाला. मी रडायला लागले. 'सांगितलं होतं' असं काका एकदाही म्हणाले नाहीत. काकूंना म्हणाले, "हिला चहा दे. आणि तो राजीनामा फाड गं पोरी, माझ्यासमोर."

पुढे गुरुग्रामला खरी नोकरी लागली. मी खोली सोडली त्या दिवशी काकांनी मला जिन्यात थांबवलं आणि लॅपटॉपचा पासवर्ड कानात सांगितला. "मुलाला सांगितला नाही. तो कुठेही लिहून ठेवतो. तू पाठ कर." मी दोनदा म्हणून दाखवला, तेव्हाच त्यांनी मला टॅक्सीत बसू दिलं.

यंदा काका गेले. दहा-बारा दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी मेश्रामांचा मुलगा बोलतोय. बाबांच्या लॅपटॉपचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे, असं आई म्हणते."

मी म्हणाले, "आधी व्हिडिओ सुरू करा."

पडद्यावर त्याचा चेहरा आला. शेजारी काकू होत्या. मला बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "सांग गं, हा आपलाच आहे."

मग मी सांगितला.