जावयाचा मासा

इंग्लंडच्या किनाऱ्यावर इतक्या वेळा जाऊन इतके कमी मासे घरी आणणारा माणूस माझ्या मावशीच्या यजमानांशिवाय दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. जन्म अलिबागचा, संसार लंडनच्या स्टॅनमोरचा, नोकरी कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यात आणि जीव कायम जिताड्यात अडकलेला. आमच्याकडे जिताडा म्हणजे जावयाचा मासा. जावई पहिल्यांदा जेवायला आला की त्याच्या ताटात जिताड्याची तुकडी हवीच, नाहीतर सासऱ्याची अब्रू गेली म्हणून समजा. इथल्या समुद्रातला बास हा जिताड्याचाच चुलतभाऊ, असा शोध काकांनी ऐंशीच्या दशकात लावला आणि लेक प्राथमिक शाळेत असतानाच जाहीर करून टाकलं, "माझ्या जावयाला मी स्वतः धरलेला बास वाढणार. विकतचा नाही."

बास खाऊनपिऊन किनाऱ्याशी येतो तो पानगळीच्या दिवसांत. नेमकं तेव्हाच पितृपक्ष आणि नवरात्र, आणि मावशी तेव्हा घरात मासळीचं नावही काढू देत नसे. त्यामुळे दसऱ्यापासून थंडी कडाडेपर्यंत काय तो काकांचा मोसम. जिवंत आमिष त्यांना बघवत नसे, म्हणून ते गळाला मऊ रबरी मासोळ्या लावत. त्यांनी त्या मावशीच्या मसाल्याच्या डब्यात एकेका वाटीत एकेक रंग अशा मांडल्या, तेव्हा मावशीला भारतातून दुसरा डबा मागवावा लागला. शेपूट नीट वळवळते का हे बघायला ते बाथटब भरून त्यात मासोळी ओढत बसत आणि आम्ही सगळे खांद्यावर टॉवेल टाकून जिन्यावर ताटकळत असू. त्यात भर म्हणजे निघण्यापूर्वी प्रत्येक मासोळीला आलं-लसणाचं वाटण चोळायचं.

"अहो, रबराला वाटण कसलं चोळताय?" मावशी करवादायची.

"इथल्या माशांनी जन्मात चव बघितलेली नाही. एकदा बघितली की रांग लावतील."

रांग कधी लागली नाही. एकदा शेजारी गळ टाकून बसलेला म्हातारा इंग्रज तेवढा वास काढत आला, त्याला काकांनी डब्यातले पोहे खाऊ घातले.

मी तेव्हा त्यांच्याकडे राहून शिकत होतो, त्यामुळे ससेक्सच्या किनाऱ्यापर्यंत गाडी चालवणं माझ्याकडे. काका कानटोपी घालून गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि "ये रे बाबा, ये" असं समुद्राला आळवायचे. कुडकुडत मी म्हणायचो, "काका, सुपरमार्केटमधून घेऊ ना एक. कोणाला कळतंय?" ते म्हणायचे, "जावई काय सुपरमार्केटमधून आणणार आहे मी?"

नव्वदीच्या मध्यावर लेकीचा साखरपुडा झाला. दसऱ्यानंतरच्या रविवारी मुलगा पहिल्यांदा जेवायला यायचा होता. गुरुवारी त्याचा फोन आला, त्याला हे लग्न करायचं नव्हतं. शनिवारी सकाळी काकांनी मुकाट्याने गळ गाडीत टाकला आणि मीही काही न विचारता किल्ली घेतली.

आणि त्या दिवशी बास लागला. हातभर लांब, नुसता चकाकणारा. काका ओरडले नाहीत की हसले नाहीत. माशाकडे बघत म्हणाले, "सोडू का रे?"

मग तेच म्हणाले, "इतकी वर्षं बोलावलं त्याला. आज आलाय, तर परत कसा पाठवू?"

रविवारी मावशीने कोकम घालून कालवण केलं. काकांनी टेबलावर मानाच्या जागी ताट मांडलं, मधली जाड तुकडी वाढली आणि लेकीला हाक मारली. ती दारातच थांबली. "बाबा, पण तो तर येणार नाही. मग हे फिश कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. बस. जावयाला तरी मान कशामुळे मिळतो? आमची लेक त्याच्या घरात असते म्हणून. तूच समोर असताना मी आणखी कोणाची वाट बघू?"

ती बसली. रडत रडत जेवली, आणि काका शेजारी बसून तिच्या तुकडीतले काटे एकेक करून काढत राहिले. मावशी सिंककडे तोंड करून उगाच भांडी विसळत होती.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे मी स्वतः पेणचा जावई झालो, सासऱ्यांनी मोठ्या थाटात मला खराखुरा जिताडा वाढला. मासा उत्तम होता, मानही भरपूर मिळाला. पण काटे माझे मलाच काढावे लागले, आणि त्या वेळी काकांची फार आठवण आली.