तिसरा सेन्सर

गॅस येण्याआधी आमच्या घरात आई ओल्या लाकडांवर स्वयंपाक करायची आणि आम्ही भावंडं डोळे चोळत त्याच धुरात अभ्यास करायचो. तिथूनच मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

इंजिनच्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सांगणारे सेन्सर मी तपासतो. आकडा चुकला तर इंजिनला पेट्रोल कमी पडतं आणि ते आतून जळू शकतं.

"धूर मोजायला पगार देतात होय रे?" आई फोनवर हसते. "मग आमची चूल का नाही मोजलीस?"

मीही हसतो. 

मागच्या आठवड्यात एकाच सायलेन्सरला तीन सेन्सर लावले. दोघांचे आकडे जुळत होते, तिसऱ्याचा वेगळा.

"दोघं एक सांगतात," सहकारी म्हणाला. "हा एकटाच शहाणा? काढून टाक."

गावाकडच्या लग्नात मांडवभर गप्पा रंगतात आणि मी असाच कडेला बसलेला असतो. म्हणून असेल, मला तो काढवेना.

तिन्ही सेन्सर बाहेर मोकळ्या हवेत धरले. तिथला ऑक्सिजन ठरलेला असतो, तिथे खोटं चालत नाही. आकडे जुळणारे दोन्ही जुने होते, सारखेच झिजलेले, म्हणून सारखेच चुकत होते. तिसरा बरोबर होता.

त्याच्याच आकड्यावर मी इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवलं. इंजिन दिवसभर पूर्ण वेगात चाललं आणि शाबूत राहिलं. रिपोर्टवर सही माझी आहे.