आखूड केलेली संगीन

मी जर्मन सैन्याच्या सुऱ्या आणि संगिनी जमवते, हे ऐकल्यावर लोक आधी नवऱ्याकडे बघतात. छंद त्याचा असणार आणि मी गमतीने आपल्या नावावर सांगतेय, असं त्यांना वाटतं. तो बिचारा इथे आयर्लंडात रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात जातो, संध्याकाळी येतो आणि माझ्या कपाटाला हातही लावत नाही.

पोलाद माझा विषय आहे. पुण्यात धातुशास्त्र शिकले आणि भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलादाला पाणी द्यायच्या शॉपमध्ये आठ वर्षं काढली. नवऱ्यामागून कॉर्कला आले तेव्हा पहिलं दीड वर्ष हातात काही काम नव्हतं. एका रविवारी कार बूट सेलमध्ये, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत, चमचे आणि बटाटे सोलायच्या सोलाण्यांमध्ये एक लाकडी मुठीची सुरी पडलेली दिसली. मुठीवर तिरप्या खाचा होत्या, एकीशेजारी एक, नऊ. विकणारी बाई म्हणाली, "ती मासे साफ करायची असेल." घरी येऊन शोधलं. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपाई खंदकात हातघाईच्या लढाईसाठी वापरत तशी सुरी होती ती. त्या पात्याला पाणी इतकं नेमकं दिलं होतं, की शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी कारागिराला मी मनातल्या मनात शाबासकी दिली. तिथून सुरुवात झाली.

आता माझ्याकडे अकरा नग आहेत. हिटलरच्या पक्षाची चिन्हं असलेलं काही मी घरात आणत नाही. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक वेगळं, हे मला माहीत आहे, पण माझ्या शेजारणीला ते दारात उभं राहून समजावत बसायची माझी इच्छा नाही. बाकी नकली माल मला चटकन ओळखू येतो. मशीनवर घाईने घासलेलं पातं, आम्लात बुडवून आणलेला गंज, चहाच्या पाण्याने जुनी केलेली मूठ, हे सगळं बघून झालंय. हे सांगताना मी संकोचत नाही. ज्यात आपण वाकबगार आहोत त्याबद्दल उगाच नम्र होण्यात वेळ जातो.

दोन वर्षांपूर्वी लिमरिकला जुन्या सैनिकी वस्तूंचं प्रदर्शन होतं. सासूबाई तेव्हा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. घरात एकट्या बसून कंटाळतील म्हणून त्यांना गाडीत घालून नेलं. नऊवारी, वर माझा जाड कोट, पायात नातीचे, म्हणजे माझ्या मुलीचे बूट. हॉलमध्ये त्या एका खुर्चीवर बसल्या आणि हेल्मेटं, बिल्ले, रिकाम्या काडतुसांचे ढीग शांतपणे बघत राहिल्या.

तिथे साठीचा एक माणूस टॉवेलात गुंडाळलेली सुरी घेऊन टेबलाटेबलावर फिरत होता. किलकेनीकडचा शेतकरी. दोन विक्रेत्यांनी ती बघून परत दिली होती. तिसरा त्याला म्हणाला, "कुणीतरी घरी बसून जोडलेली भानगड आहे. यात खरं काही नाही." शेतकरी टॉवेल पुन्हा गुंडाळायला लागला, पण त्याचे कान लाल झाले होते.

मी पुढे होऊन विचारलं, "मी बघू का?"

त्याने मला एकदा नीट न्याहाळलं आणि सुरी हातात दिली.

पातं वीतभर होतं. मूठ सैन्यातली नव्हतीच. हर्लिंग या इथल्या खेळाच्या काठ्या ज्या अॅशच्या लाकडाच्या करतात, त्याच लाकडाच्या दोन फळ्या तारेने आवळून बसवल्या होत्या. विक्रेते तिथेच थांबले असणार. मी मुठीचं मागचं लोखंडी टोक बघितलं. त्यात खाच होती, काळ्या चिकट मळाने भरलेली. बंदुकीच्या नळीखाली संगीन बसते ती खाच. मग चष्मा वर करून पात्याची पाठ उजेडात धरली. मुठीलगत जर्मन सम्राटाचा शिक्का होता: मुकुट, खाली डब्ल्यू, त्याखाली साल, सोळा. टोकाकडचे घासल्याचे ओरखडे बारीक आणि आडवे होते, तापल्याची निळसर छटा कुठे नव्हती. मशीनवर ठिणग्या उडवत हे केलेलं नव्हतं. कुणीतरी ओल्या दगडावर कितीतरी दिवस घासून लांब संगिनीची आखूड सुरी केली होती.

"ही खरी जर्मन संगीन आहे," मी म्हणाले. "१९१६ सालची. खंदकात वापरायला सोयीची व्हावी म्हणून आखूड केलीय."

"माझ्या आजोबांची," तो म्हणाला. "ते फ्रान्सला लढायला गेले होते असं मला वाटतं. माझा भाऊ म्हणतो, ते गावाबाहेर कधी गेलेच नाहीत, सुरी कुठल्यातरी जत्रेत घेतली. यावरून आमचं बोलणं बंद आहे."

एव्हाना सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. त्या माणसाने मान हलवली तशी मी सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि पात्याच्या पुढच्या भागात थांबल्या. तिथे धार आत गेली होती, चंद्रकोरीसारखी.

"ह्यानं माणसं न्हाई मारली," त्या म्हणाल्या. "ह्यानं पीक छाटलंय. लई वर्सं. आमच्या उसाचं शेंड्याचं वाढं छाटायचा कोयता असाच झिजतो बघ, हितंच. एका हातात ऊस, दुसऱ्या हातात कोयता."

मी खंदकाची गोष्ट इतक्या ठामपणे सांगितली होती आणि ती झीज मला दिसली नव्हती. क्षणभर अवघडल्यासारखं झालं. पण त्या बरोबर होत्या. मी त्यांचं बोलणं इंग्रजीत त्या माणसाला सांगितलं आणि स्वतःची चूकही सांगितली.

तो सासूबाईंकडे वळला. मग हळूच म्हणाला, "बीट. आमच्याकडे साखरेचं बीट असायचं. हिवाळ्यात उपटायचं, माती झटकायची आणि वरचा पाला छाटायचा. एका हातात बीट, दुसऱ्या हातात सुरी."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, "संगीन जर्मन सैन्याची आहे आणि शेतात वापरलेली आहे, एवढं मी लिहून देते. ती तुमच्या आजोबांना कुठे मिळाली, हे पोलाद सांगू शकत नाही. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा."

माझ्या वहीचं पान फाडून मी सगळं लिहिलं आणि खाली सही करून फोन नंबर टाकला. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं, सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. नर्सिंग होममधल्या आत्याला त्याने सुरीचा फोटो दाखवला होता. ती म्हणाली, "बाबांची बीटची सुरी. ती त्यांनी फ्रान्सहून आणली होती, पण आम्ही विचारायचं नाही असं आईने बजावलं होतं." त्या काळी आयर्लंड इंग्रजांविरुद्ध लढत होतं, त्यामुळे ब्रिटिश सैन्यात होतो हे गावात उघडपणे सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आजोबांनी युद्धाची गोष्ट दडवली आणि संगिनीचं शेतीचं हत्यार करून टाकलं. मुठीची फळी त्यांच्या मोडलेल्या हर्लिंगच्या काठीची होती. आत्याने हे सगळं सांगितलं तेव्हा भाऊही शेजारी बसलेला होता.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"चहा आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही." मग तो म्हणाला, "आता आमचं ठीक आहे."

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. "भाऊ-भाऊ बोलायला लागले."

पुढच्या वर्षी प्रदर्शनवाल्यांनी स्वतःहून मला एक टेबल दिलं. मी तिथे काही विकत नाही. लोक जर्मन सुऱ्या, संगिनी घेऊन येतात आणि मी बघून सांगते. आता मी धार आधी बघते, शिक्के नंतर. यंदा एक तरुण बाई उशीच्या अभ्र्यात घालून खंजीर घेऊन आली. मी तो हातात घेतला आणि म्हणाले, "हा अलीकडे बनवलेला आहे. तुम्हाला फसवलंय."

"नक्की?"

"नक्की."

ती हसली, इथल्या पद्धतीने "ग्रँड," म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि खंजीर परत अभ्र्यात घालून, अभ्रा खांद्यावर टाकून चालू लागली. तिच्यामागे आणखी चौघं उभे होते.